ट्रेलरवाल्यांनो, वरोऱ्याचा हा ट्रॉलीमिस्त्री गाठा

वरोरा-चिमूर रस्त्यावरचं हे दुकान खरं म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉलीचं. पण ताडोब्याकडं मुक्कामाला नेतो तो आमचा कॅम्पिंग ट्रेलर इथंच नीट झाला.

छत गळत होतं. आधी एका गॅरेजवाल्यानं जुन्या सिलिकॉनवरच नवं थापून पैसे घेतले होते. जुन्यावर नवं धरतच नाही! इथल्या मिस्त्रीभाऊंनी घाई केली नाही. पाइपनं खालून वर सावकाश पाणी मारत नेलं. "पानी टपकते पलंगावर भाऊ, पन घुसून रायलं झडपेपासून," म्हणाले. छतावरची हवेची झडप खोलली, जुना थर खरवडला, ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) लावून पुन्हा कसली. श्रावणझडीत आत थेंब नाही.

मागचे दिवे मिणमिणत होते, तो अर्थिंगचा गंजलेला जोड निघाला. पाच मिनिटांचं काम.

चाकांच्या बेअरिंगचं काम मात्र बघण्यासारखं. जुनं ग्रीस रॉकेलनं धुतलं, रोलरांमध्ये तळहातानं नवं दाबून भरलं, सील आणि कॉटर पिन (नट सुटू न देणारी खीळ) नवीच टाकली. टायरवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडेही दाखवले: 2317, म्हणजे 2017 चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत होती, तरी त्यांनी टायर बदलायला लावले, आणि ते बरोबरच होतं. चंद्रपूरच्या 45 अंशांत जुनं रबर फुटतं.

फ्रिज आणि गॅसच्या नळीला ते हात लावत नाहीत, तसं आधीच सांगतात. बिलात सामान वेगळं, मजुरी वेगळी. उन्हाळ्यात सकाळीच जा, शेड पत्र्याचं आहे.