ओपनरीराइटने जावाएक्सचं जकार्ता केलं, चार स्टार

पाचपैकी चार. एक का कापला ते खाली येईलच, पण ओपनरीराइट, म्हणजे कोडमधले बदल आपोआप करणारं हे टूल, नसतं तर मी अजून इम्पोर्टच (दुसरीकडचा कोड फाइलमध्ये आणणाऱ्या ओळी) बदलत बसले असते हे आधीच कबूल करते.

आमचं एक जुनं प्रॉडक्ट आहे, स्प्रिंग बूट 2.7 या जावाच्या फ्रेमवर्कवरचं, आणि त्याच्या पोटात एक कॉमन लायब्ररी आहे जी आमच्याच सात-आठ सर्व्हिसेस वापरतात. बूट 3 नोव्हेंबर 2022 मध्ये आलं तेव्हापासून आमचं "पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू" चाललेलं, शेवटी सिक्युरिटीवाले मागे लागले तेव्हा कुठे हलले सगळे. बूट 3 ला जावा 17 पाहिजे, ते एक वेळ सोपं, पण जावाएक्सने सुरू होणारी बरीच पॅकेजेस (कोडचे नाव दिलेले कप्पे) जकार्ता झाली त्याने घाम काढला.

हे का झालं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ओरॅकलने 2017 मध्ये जावा ईई (सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरसाठीचा जावाचा संच) एक्लिप्स फाउंडेशनला द्यायचं ठरवलं, पण 'जावा' हे नाव काही सोडलं नाही, म्हणून नवीन नाव जकार्ता ईई. मग पॅकेजचं जावाएक्स हे नाव तरी वापरू द्या म्हणून बोलणी चालली, ती 2019 च्या मे मध्ये फिसकटली. म्हणजे जुनं आहे तसं वापरा, पण त्यात पुढे काही बदल करायचा नाही. मग डिसेंबर 2020 ला जकार्ता ईई 9 आलं आणि त्यातलं मुख्य काम काय, तर नाव बदलणं. घर दिलं आणि दारावरची पाटी उपटून नेली, असला प्रकार. आणि पाटी बदलायची हमाली जगभरातल्या आमच्यासारख्यांच्या गळ्यात.

आता कुणीही म्हणेल शोधा आणि बदला, दहा मिनिटांचं काम. मीपण म्हणाले. शुक्रवारी संध्याकाळी (हो, शुक्रवारीच, माझी चूक) सगळ्या रेपोवर (कोडच्या साठ्यांवर) सेड, म्हणजे मजकुरात शोधून बदलणारी कमांड, फिरवला, जावाएक्स दिसलं की जकार्ता कर. बिल्ड मारला तर लालेलाल. कारण जावाएक्स नावाचं सगळंच जावा ईईचं नाहीये ना! जावाएक्स.एसक्यूएल, जावाएक्स.क्रिप्टो, जावाएक्स.नेट ही जेडीकेची, म्हणजे मूळ जावाबरोबरच येणारी पॅकेजेस, ती जागची हलत नाहीत. त्यातही गंमत बघा, जावाएक्स.ट्रान्झॅक्शन जातं पण त्याच्या आतलं एक्सए जेडीकेतच राहतं. जावाएक्स.एक्सएमएल.बाइंड जातं, शेजारचं जावाएक्स.एक्सएमएल.पार्सर्स राहतं. पोस्टकन्स्ट्रक्ट अ‍ॅनोटेशन जातं, पण त्याच पॅकेजखालचं अ‍ॅनोटेशन.प्रोसेसिंग राहतं. एकाच वाड्यातली अर्धी बिऱ्हाडं नव्या फ्लॅटमध्ये आणि अर्धी तिथेच. सेडला यातलं काय कळणार, त्याला फक्त अक्षरं दिसतात. गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणारं टूल) रिसेट हार्ड करून, म्हणजे सगळे बदल पुसून, घरी गेले.

सोमवारी टीममधल्या एकाने ओपनरीराइट सुचवलं. हे ओपन सोर्स आहे, मूळ नेटफ्लिक्समध्ये सुरू झालेलं. सेडपेक्षा फरक असा की हे कोड मजकूर म्हणून वाचत नाही, कंपायलरसारखं प्रत्येक नावाचा टाइप काढून त्याचं झाड बनवतं, त्यामुळे समोरचं 'डेटासोर्स' नक्की कुठल्या पॅकेजमधलं हे त्याला ठाऊक असतं. शिवाय त्या झाडात स्पेस, टॅब, कमेंट सगळं जसंच्या तसं ठेवलेलं असतं, म्हणून बदल झाल्यावर फाइलचं फॉरमॅटिंग विस्कटत नाही, डिफमध्ये फक्त बदललेल्या ओळी दिसतात. ज्याने कधी दुसऱ्याचा हजार ओळींचा पीआर (तपासायला आलेले बदल) रिव्ह्यू केलाय त्याला याची किंमत कळेल.

वापरायला मेव्हनचा (जावाचं बिल्ड टूल) प्लगइन. यांच्या भाषेत प्रत्येक बदलाला 'रेसिपी' म्हणतात, जकार्ताची रेसिपी तयार मिळते, स्प्रिंग बूट 3 ची अख्खी थाळीसुद्धा मिळते ज्यात हीपण वाढलेली असते. आधी ड्राय रन (नुसती तालीम) करा, तो टार्गेट फोल्डरमध्ये एक पॅच फाइल टाकतो, ती चहा घेत वाचा, पटलं तर रन. मी थाळी न घेता एकेक रेसिपी घेतली, कारण सगळं एकदम केलं की काय कशामुळे तुटलं ते सापडत नाही. साडेतीनशेच्या आसपास फाइल्स बदलल्या, पॉम फाइलमधल्या (मेव्हनची सेटिंग फाइल) डिपेंडन्सीपण, आणि क्रिप्टो-एसक्यूएलला हात लावला नाही. पहिल्याच बिल्डला कंपाइल झालं तेव्हा मी खुर्चीत उडालेच.

एक अट लक्षात ठेवा, चालवायच्या आधी तुमचा कोड कंपाइल होत असला पाहिजे, नाहीतर टाइपच निघत नाहीत आणि मग ते त्या जागा सोडून देतं. म्हणजे आधी बूटचं व्हर्जन वाढवून सगळं मोडून ठेवलं आणि मग टूल चालवलं असं करू नका, उलट करा. आणि हे झाड पूर्ण मेमरीत असतं, मोठ्या रेपोला मेव्हनची मेमरी वाढवून द्यावी लागते. माझ्या लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा वाजत होता, पण तो लॅपटॉपच म्हातारा आहे.

इंटेलिजेमध्ये (कोड लिहायचा एडिटर) हे होत नाही का? होतं की. रिफॅक्टर मेनूत पॅकेज मायग्रेट करायचा पर्याय आहे, त्यात जावा ईई ते जकार्ताचा नकाशा तयारच असतो. एकच प्रोजेक्ट असेल तर तोच वापरा, उगाच तोफ कशाला. आम्हाला सात-आठ रेपोंवर तेच काम तसंच करायचं होतं, प्रत्येकाच्या मशीनवर वेगवेगळे क्लिक नको होते.

आता आमच्या स्वतःच्या लायब्ररीचं. हात ओले झालेच आहेत तर तिचंही नाव बदलून टाकू असं ठरलं, कारण त्यात एका बंद पडलेल्या प्रॉडक्टचं नाव होतं आणि प्रत्येक नवीन पोरगा विचारायचा हे काय आहे म्हणून. इथे मला हे टूल जास्त आवडलं. पॅकेज बदलायची रेसिपी यामल फाइलमध्ये चार-पाच ओळींत लिहून होते: जुनं नाव, नवीन नाव, खालची सब-पॅकेजेस पण घ्यायची का. ती फाइल आम्ही लायब्ररीबरोबरच दिली, प्रत्येक टीमने आपापल्या रेपोत चालवली, बास. मेव्हनमध्ये रिलोकेशन म्हणून सोय आहे, जुन्या नावाच्या पॉममध्ये 'आम्ही इकडे राहायला गेलोय' असं लिहिता येतं, मायएसक्यूएलच्या कनेक्टरने नाव बदललं तेव्हा तेच केलं होतं. पण ते फक्त जारच्या (लायब्ररीच्या तयार फाइलच्या) पत्त्यापुरतं, कोडमधले इम्पोर्ट ते बदलत नाही, त्यामुळे दोन्ही लागतं. आणि मोठं व्हर्जन आणताना पॅकेजचं नावच बदललं तर जुनं-नवं शेजारी शेजारी नांदू शकतं, अपाचेच्या कॉमन्स लँग लायब्ररीने 2011 मध्ये लँग3 करून हेच साधलं होतं. म्हणून आम्हीही जुनी लायब्ररी लगेच काढली नाही, सगळ्या टीम्स हलेपर्यंत राहू दिली.

गिटबद्दल एक: गिट 'नाव बदललं' असं कुठे लिहून ठेवत नाही, दोन फाइल्स निम्म्याहून जास्त सारख्या दिसल्या की ते अंदाजाने रिनेम म्हणतं. म्हणून नाव बदलायचा कमिट वेगळा आणि कोडमधली सुधारणा वेगळी, नाहीतर इतिहास तुटतो. आमच्याकडे एकाने जाता जाता दोन क्लास साफही केले आणि आता त्यांचा लॉग तिथेच संपतो.

हां, तो कापलेला स्टार. कंपायलरला दिसतं ते सगळं बदललं, पण जे नाव स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अवतरणातल्या मजकुरात, लपलंय त्याचं काय? पर्सिस्टन्स एक्सएमएलसारख्या ठरलेल्या फाइल्सना वेगळ्या रेसिपी आहेत, पण घरगुती जुगाडाला कुठली रेसिपी असणार. यात टूलची चूक आहे असंही नाही, पण डॉक्समध्ये हे पहिल्या पानावर ठळक पाहिजे होतं असं माझं मत. आमच्या एरर पेजला सर्व्हलेटकडून (वेब रिक्वेस्ट हाताळणारा जावाचा भाग) स्टेटस कोड लागतो, तो रिक्वेस्टच्या अ‍ॅट्रिब्यूटमधून घेतात, आणि त्या अ‍ॅट्रिब्यूटचं नावही जावाएक्सचं जकार्ता झालंय. आमच्याकडे ते नाव दोन तुकडे जोडून बनवलेलं, पुढचा अर्धा एका कॉन्स्टंट फाइलमध्ये, मागचा भलतीकडेच. कंपाइल झालं, टेस्ट हिरव्या, आणि स्टेजिंगवर (लाइव्हच्या आधीच्या चाचणी सर्व्हरवर) मुद्दाम 404 मारला तर एरर पेजच नल पॉइंटर देऊन पडलं. अर्धा दिवस गेला. असं मेटा-आयएनएफच्या सर्व्हिसेस फोल्डरचंही, तिथे फाइलचं नावच इंटरफेसचं पूर्ण नाव असतं, तेव्हा रन झाल्यावरसुद्धा जावाएक्ससाठी एक ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) मारा आणि उरलेलं डोळ्यांनी बघा.

ते दोन तुकड्यांचं नाव कोणी लिहिलं म्हणून तावातावाने गिट ब्लेम (कुठली ओळ कुणाची ते दाखवणारी यादी) काढला तर माझंच नाव, तेही माहेरचं. 2015 चा कमिट. लग्नानंतर आधार झालं, पॅन झालं, बँकेने तीन चकरा मारायला लावल्या, गिटचं मात्र कधी डोक्यातच आलं नाही. यालाही उपाय आहे बरं का, रेपोत डॉट मेलमॅप नावाची फाइल टाकून जुनं नाव-ईमेल नव्याला जोडता येतं, इतिहास न बदलता लॉग आणि ब्लेममध्ये नवीन नाव दिसतं. टाकलीये.

फुकट आहे, गाभा अपाचे लायसन्सवर, पण काही रेसिपींचं लायसन्स वेगळं आहे, कंपनीत वापरत असाल तर आधी बघून घ्या. आमची एक सर्व्हिस ग्रेडलवर (मेव्हनसारखंच दुसरं बिल्ड टूल) आहे ती अजून राहिलीये. कोणी ग्रेडलच्या मल्टी-मॉड्यूल प्रोजेक्टवर चालवलं असेल तर मेमरी किती दिली तेवढं सांगा.