गेम बॉय अ‍ॅडव्हान्सला आयपीएस पडदा: आठ महिने वापरल्यावर

मामा मस्कतहून आले तो 2003 चा मे महिना होता. त्यांच्या बॅगेत माझ्यासाठी जांभळट निळ्या रंगाचा गेम बॉय अ‍ॅडव्हान्स, म्हणजे हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचं छोटं यंत्र, होता. आम्ही तेव्हा मिरजेला राहायचो. पहिल्याच संध्याकाळी कळलं की दिवेलागणीनंतर यावर काहीच दिसत नाही. निन्टेन्डोने 21 मार्च 2001 ला जपानात हे यंत्र आणलं तेव्हा पडद्यामागे दिवा दिलाच नव्हता. बाहेरून पडलेला उजेड परत फेकायचा आणि त्यातच चित्र दाखवायचं, अशी त्या पडद्याची रचना. त्यामुळे दोन पेन्सिल सेलवर पंधरा-पंधरा तास चालायचं, पण खेळायचं ते खिडकीपाशी मान तिरकी करून, उजेडाचा कोन सापडेपर्यंत यंत्र हलवत. पुढे भारनियमन वाढलं. टीव्ही बंद, पंखा बंद, हातात सेलवर चालणारा खेळ, आणि तो दिसावा म्हणून मी कंदिलाच्या काचेला नाक लावून बसलेला. मामांना याचं वाईट वाटायचं. ते म्हणायचे, दुकानात तर लख्ख दिसत होता रे.

यंदा संक्रांतीच्या आठवड्यात मी त्याला किट मागवून आयपीएस पडदा बसवला, म्हणजे मोबाइलला असतो तसा मागून दिवा असलेला एलसीडी. आता गणपती होऊन गेले. रोज नाही, पण आठवड्यातले चार-पाच दिवस तरी तो माझ्या नाहीतर मुलीच्या हातात असतो, त्यामुळे आता काही ठामपणे लिहिता येईल.

आधी हा बदल नेमका काय आहे ते. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या बोर्डावरून पडद्याकडे जाणारी माहिती मुळातच डिजिटल आहे: लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगासाठी पाच बिट, म्हणजे 32,768 रंग. जुन्या टीव्हीच्या वायरीत रंग एकमेकांत सांडायचे तसं इथे काही होत नाही. बोर्ड स्वच्छ चित्र पाठवत होता, ते दाखवणारी काच अंधारी होती. किटमधली छोटी सर्किटची पट्टी हीच माहिती रिबनवरून, म्हणजे पडद्याला जोडणाऱ्या चपट्या वायरीवरून, उचलते, 240 गुणिले 160 ठिपक्यांचं चित्र दोन्ही बाजूंनी बरोबर तिप्पट करते आणि 720 गुणिले 480 करून नव्या पडद्यावर मांडते. बरोबर तिप्पट असल्यामुळे प्रत्येक जुना ठिपका नऊ नव्या ठिपक्यांचा नीट चौकोन होतो. कडा फिसकटत नाहीत, अक्षरं टाचणीने कोरल्यासारखी दिसतात. संवादांची बारीक अक्षरं लहानपणी मी अंदाजाने वाचत असे, हे मला आत्ता कळलं.

किट मागवण्याआधी यंत्र उघडून बघा. रिबनचा सॉकेट काही यंत्रांत 40 पिनांचा असतो, काहींत 32 चा, आणि बाहेरून रंग बघून ते ओळखता येत नाही. माझं 40 चं निघालं. मागचे सहा स्क्रू तीन पाकळ्यांचे आहेत, सातवा सेलच्या खणात साधा फुलीचा. तीन पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर चांगल्यातला घ्या. स्वस्तातल्याचं टोक गोल होतं आणि स्क्रूची डोकी कायमची जातात.

तयार कापलेलं नवं कवच घेतलं असतं तर निम्मं काम वाचलं असतं. पण मामांनी आणलेलंच कवच मला ठेवायचं होतं, म्हणून पडद्याभोवतीचा आतला प्लास्टिकचा कठडा कटरने थोडा थोडा काढून कानसीने सपाट केला. दोन संध्याकाळी गेल्या. इथे घाई करू नका. कठड्याचा कण राहिला तर पडदा एका कोपऱ्यावर दाबला जातो आणि तिथे ढगासारखा पांढुरका डाग दिसतो. पट्टीची मागची बाजू बोर्डाला टेकू नये म्हणून मध्ये उष्णता सोसणारी पिवळी टेप लावली. उजेड कमी-जास्त करायला तीन बारीक वायरी लागतात: बोर्डावर टीपी अशी खूण असलेले जोडणीचे बिंदू असतात, त्यांतला टीपी 2 हा सिलेक्ट बटणाचा, टीपी 8 उजव्या आणि टीपी 9 डाव्या खांद्याच्या बटणाचा बिंदू. तिथे सोल्डरचे डाग दिले की सिलेक्ट धरून उजवं बटण दाबल्यावर उजेड वाढतो, डावं दाबल्यावर उतरतो. ज्यांचा हात सोल्डरिंगला बसलेला नाही त्यांनी हे तीन डाग मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून करून घ्यावेत, त्याच्यासाठी दहा मिनिटांचं काम आहे.

बसवून सुरू केला. पहिला आठवडा सुखात गेला.

मग एका रात्री उजेड वरच्या पायऱ्यांवर नेला आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं. दुसऱ्या दिवशी तेच. सेल नवे घातले, तरी तेच. मला वाटलं किट खराब आहे. परत पाठवायचा अर्जही लिहून ठेवला होता. पण मीटर लावून बघितलं तेव्हा सेलच्या पत्र्यांपाशी व्होल्टेज ठीक, आणि चालू-बंदच्या खटक्याच्या पलीकडे ते पडलेलं. वीस वर्षांची धूळ, घाम आणि ऑक्साइड त्या सरकत्या खटक्यात साचलं होतं. जुना पडदा इतका कमी प्रवाह घ्यायचा की त्या मळाचा अडथळा त्याला जाणवतच नव्हता. नव्या पडद्याची भूक मोठी. प्रवाह वाढला की त्या अडथळ्यावरच व्होल्टेज खर्च होतं, बोर्डाला पुरेसं पोचत नाही आणि यंत्र दम टाकतं. खटक्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब सोडून तो पन्नास-साठ वेळा पुढे-मागे केला, सेलचे पत्रे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, आणि तेव्हापासून आजपर्यंत यंत्र एकदाही बंद पडलेलं नाही. कळकळीने सांगतो: पडद्याला दोष देण्याआधी खटका साफ करा. खरं तर यंत्र उघडलेलं असतानाच करून घ्या, आधीच.

सेलचा हिशेब मी वहीत लिहून ठेवला आहे. 2000 एमएएचचे चार्ज होणारे सेल, सगळ्यात कमी उजेडावर साधारण सात तास. पूर्ण उजेडावर साडेचारच्या आसपास. पंधरा तासांची सवय असलेल्याला हे खुपेल. मी रात्री दिवा मालवून खेळतो तेव्हा खालून दुसरी-तिसरी पायरी पुरते, त्यामुळे एका चार्जमध्ये सहा तास धरतो. चार्ज होणारे सेल 1.2 व्होल्टचे असल्यामुळे हिरवा दिवा जरा लवकरच लाल होतो, पण लाल झाल्यावरही बराच वेळ जातो. घाबरून सेल काढू नका.

आवाजाची एक तक्रार आहे आणि ती अजून सुटलेली नाही. मधल्या पायऱ्यांवर स्पीकरमधून बारीक किणकिण ऐकू येते. मागचा दिवा वेगाने चालू-बंद करून उजेड कमी केला जातो, त्याचा हा आवाज. पूर्ण उजेडावर तो जातो. खेळाचं संगीत चालू असताना लक्षात येत नाही, शांत प्रसंगात येतो. मुलीला तो ऐकूच येत नाही म्हणते.

रंगांबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे. त्या काळचे खेळ बनवणाऱ्यांना पडदा अंधारा आहे हे ठाऊक होतं, म्हणून अनेकांनी रंग मुद्दाम भडक आणि उजळ ठेवले. आता मागून दिवा लागला की तेच रंग डोळ्यांत घुसतात. आकाश फार निळं, गवत फार पोपटी. काही खेळांच्या सेटिंगमध्ये पडद्याचा पर्याय असतो तो आवर्जून बघा, नाहीतर उजेड उतरवा. दुसरी गोष्ट जुन्या गेम बॉयच्या कार्ट्रिजांची, म्हणजे खेळाच्या डब्यांची; त्याही या यंत्रात चालतात. त्यांतल्या काहींमध्ये सावली किंवा धूर अर्धपारदर्शक दाखवण्यासाठी ते चित्र एक फ्रेम सोडून एक फ्रेम काढत. जुना पडदा इतका मंद की दोन्ही फ्रेमा एकमेकींत विरघळायच्या आणि सावली खरी वाटायची. आयपीएसवर ती सरळ लुकलुकते. हा किटचा दोष नव्हे, पडदा चपळ झाल्याची ही किंमत आहे. पण ज्याचं प्रेम त्या जुन्या कार्ट्रिजांवर आहे त्याने हे माहीत असूनच निर्णय घ्यावा.

आणि ऊन. डिसेंबरात गच्चीवर उन्हात बसून खेळायचं असेल तर जुना पडदाच सरस होता, कारण ऊन जितकं जास्त तितका तो उजळायचा. नवा पडदा थेट उन्हात फिका पडतो. म्हणून जुना पडदा मी रिबनसकट मऊ कापडात गुंडाळून ठेवला आहे, टाकलेला नाही. कठडा कापला असला तरी फोमची पट्टी लावून तो परत बसवता येईल.

किट, पडद्यावर बसवायची नवी काच आणि बारीकसारीक हत्यारं मिळून साडेपाच हजारांच्या आतबाहेर गेले. पहिली काच आली तिच्या आत चरा होता. विक्रेत्याने आठवडाभर टोलवाटोलवी करून मग बदलून दिली. काच आल्या आल्या, वरची फिल्म काढून, उजेडात धरून बघा. फिल्मवरचा चरा आणि काचेवरचा चरा यात फरक असतो.

गणपतीत मामा आले होते. आता सत्तरी गाठली आहे त्यांनी. रात्री आरतीनंतर मोठे दिवे मालवले, मखराची माळ तेवढी चालू होती. मुलगी कोपऱ्यात खेळत बसली होती. मामांनी ते जांभळं कवच ओळखलं आणि हात पुढे केला. तिने दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, यंत्र जवळ धरलं, थोडा वेळ नुसतंच बघत राहिले आणि मला म्हणाले, "बघ, दुकानात अस्साच दिसत होता."