हापूसच्या बुकिंगसाठी जँगो की नोड?

देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांची एकत्र विक्री करणारी मोठी साइट बांधायची, तर पहिला प्रश्न हाच. दोन्ही साइटचं सर्व्हरवरचं काम लिहायची साधनं: जँगो पायथॉन भाषेतला, नोड जावास्क्रिप्टचा. गर्दी वर्षभर नसते. मार्च ते मे, तेवढीच. पण तेव्हा ती एकदम अंगावर येते.

नोड २००९ साली आला. त्याचा इव्हेंट लूप, म्हणजे आलेली कामं एकामागून एक हातात घेणारं चक्र, एकाच थ्रेडवर (कामाच्या एकाच धाग्यावर) चालतो आणि डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत अडून राहत नाही, म्हणून हजारो उघडी कनेक्शन्स तो थोड्या मेमरीत सांभाळतो. आंब्याची गाडी राजापूरला आहे की चिपळूणला, हे ग्राहकाला क्षणोक्षणी दाखवायचं असेल तर नोडच घ्यावा.

आमचं दुखणं मात्र वेगळं होतं. गेल्या हंगामात पाच डझनाची शेवटची पेटी दोघांना विकली गेली. कोडने आधी शिल्लक वाचली, मग एक वजा केला. मधल्या क्षणात दुसरी ऑर्डर घुसली. ही चूक जँगो आणि नोड दोन्हीकडे होऊ शकते. इलाज पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे: ट्रान्झॅक्शन (पूर्ण होईल किंवा मुळीच होणार नाही असा व्यवहार) उघडायचं, त्या पेटीची ओळ लॉक करायची, मगच वजाबाकी. जँगोत ओळ लॉक करायला 'सिलेक्ट फॉर अपडेट' हाताशीच मिळतं.

शिवाय जँगो २००५ पासून मुरलेला, आणि अ‍ॅडमिन पॅनल, म्हणजे नोंदी भरायचं तयार पान, सोबतच येतं. पेट्या मोजणाऱ्या वहिनी त्यात स्वतः आकडे भरतात. नोडमध्ये ते पान आम्हालाच बांधावं लागलं असतं, तेही ऐन मोहोराच्या धांदलीत.

मी जँगो घेतला. गाड्यांच्या नकाशापुरता नोड पुढच्या हंगामात शेजारी जोडू.