परदेशी विद्यापीठांची यादी आणि ‘मोफत’ सल्ला

परदेशात पदव्युत्तर शिक्षण घेण्यासाठी अर्ज करताना एका सल्लागार संस्थेने माझी कशी फसवणूक केली, ते सविस्तर लिहीत आहे. बनावट विद्यापीठाच्या जाळ्यात सापडण्याची भीती बहुतेक विद्यार्थ्यांना असते आणि त्याबद्दल बरेच बोललेही जाते. माझ्या प्रकरणात मात्र एकही विद्यापीठ बनावट नव्हते. लबाडी होती ती अर्ज कोठे करायचा हे ठरवण्यात. अशी लबाडी सहजासहजी लक्षात येत नाही.

मला पर्यावरण अभियांत्रिकीत मास्टर्स करायचे होते. त्यासाठी जर्मनीतील काही सरकारी विद्यापीठे आणि अमेरिकेतील दोन विद्यापीठे निवडून, तेथील अभ्यासक्रम वाचून, मी स्वतःची यादी घेऊनच गेले होते. समुपदेशकांनी यादीचे कौतुक केले आणि मग एकेक नाव खोडायला सुरुवात केली. जर्मन भाषा येत नसेल तर जर्मनीत प्रवेशच मिळत नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. वस्तुतः तेथे पूर्णपणे इंग्रजीतून शिकवले जाणारे मास्टर्सचे अभ्यासक्रम मोठ्या संख्येने आहेत आणि शैक्षणिक देवाणघेवाणीचे काम करणाऱ्या जर्मनीच्या ‘डाड’ (DAAD) या संस्थेच्या संकेतस्थळावर ते भाषेनुसार शोधता येतात. मी आग्रह धरला तेव्हा ‘तिकडेही अर्ज टाकू, पण हाताशी एक सुरक्षित पर्याय असू द्या’ असे म्हणत त्यांनी कॅनडातील काही कॉलेजांची नावे पुढे केली. आमची सेवा विद्यार्थ्यांना मोफत आहे, हे वाक्य त्या बैठकीत वारंवार ऐकायला मिळाले.

सेवा मोफत कशी, याचे उत्तर या धंद्याच्या रचनेतच आहे. ज्या शिक्षणसंस्थांशी एजंटाचा करार असतो, त्या संस्था प्रवेश घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे त्याला कमिशन देतात आणि ते बहुधा पहिल्या वर्षाच्या शुल्काच्या ठरावीक टक्क्यांत असते. जर्मनीतील बहुतांश सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्कच घेत नाहीत (बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ पासून प्रत्येक सत्राला १५०० युरो भरावे लागतात, तो एक अपवाद), त्यामुळे तेथे एजंटाच्या पदरात पडण्यासारखे काही नसते. अमेरिकेत देशांतर्गत विद्यार्थी आणून देण्याबद्दल विद्यार्थिसंख्येनुसार मोबदला देण्यास कायद्याने बंदी आहे, पण परदेशात राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत त्या कायद्यातच सूट ठेवलेली आहे. कमिशन घेणे हा गुन्हा नाही आणि कमिशन घेऊनही प्रामाणिक सल्ला देणारे लोक आहेत, हे मला मान्य आहे. परंतु कोणाकडून पैसे मिळतात हे लपवून, विद्यार्थ्याच्या हिताच्या नावाखाली त्याची यादी बदलली, की ती सरळ फसवणूक होते.

आणि माझ्या बाबतीत गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. सगळे अर्ज संस्थेने उघडलेल्या ई-मेल खात्यावरून होतील, म्हणजे कोणतीही मुदत हुकणार नाही, असे कारण देऊन त्या खात्याचा आणि पोर्टलचा पासवर्ड त्यांनी स्वतःकडेच ठेवला. जर्मनीच्या अर्जांचे शुल्क त्यांनी माझ्याकडून वेगळे घेतले. काही आठवड्यांनी नकाराचे पत्र म्हणून एक पीडीएफ मला पाठवण्यात आली. वर विद्यापीठाचे बोधचिन्ह होते, पण ते कडांना धूसर झालेले होते. माझ्या आडनावातील एक अक्षर चुकलेले होते. आणि अर्ज क्रमांकाचा कोठेही उल्लेख नव्हता. जर्मनीतील अनेक विद्यापीठांचे परदेशी अर्ज ‘युनि-असिस्ट’ या संस्थेमार्फत स्वीकारले जातात आणि तेथे प्रत्येक अर्जदाराला स्वतःचा क्रमांक मिळतो. तो क्रमांक मागितल्यावर टाळाटाळ सुरू झाली, तेव्हा मी माझ्या खासगी ई-मेलवरून त्या विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला नाव आणि जन्मतारीख लिहून विचारणा केली. या नावाचा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही, असे उत्तर आले. जो अर्ज कधी पाठवलाच नव्हता, त्याचा नकार मला दाखवण्यात आला होता, आणि तोपर्यंत त्या सत्राची मुदत उलटून गेली होती.

याच काळात कॅनडातील कॉलेजचे ऑफर लेटर मात्र झटपट आले आणि जागा भरत आल्याचे सांगून माझ्याकडून डिपॉझिट भरून घेण्यात आले. मास्टर्सऐवजी हाती पडला तो व्यवस्थापनाचा पदविका अभ्यासक्रम. पत्रावर सरकारी कॉलेजचे नाव होते, पण शिकवणार होते त्याच्याशी करार केलेले एक खासगी कॉलेज. शिक्षणानंतर तीन वर्षांचा वर्क परमिट नक्की मिळेल, असे मला तोंडी सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात, १५ मे २०२४ पासून अशा करारांखालील अभ्यासक्रमांना नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना शिक्षणोत्तर वर्क परमिट मिळत नाही. शिवाय १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटसाठी अर्ज करणाऱ्यांना, अभ्यासक्रम पदवीचा नसेल तर, शिक्षणोत्तर वर्क परमिट मिळण्यासाठी तो ठरवून दिलेल्या विषयांपैकी असण्याचीही अट लागू झाली आहे. कॅनडा सरकारच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत कॉलेजचे नाव असणे आणि तेथील अभ्यासक्रम वर्क परमिटला पात्र असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या यादीत पात्रतेचा स्वतंत्र रकाना असतो आणि समुपदेशकाने मला तो कधीही दाखवला नाही.

अशा सरकारी याद्या नेमके काय प्रमाणित करतात, हे पाहणे सर्वत्र गरजेचे आहे. अमेरिकेत परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगी आणि शैक्षणिक मान्यता या निरनिराळ्या बाबी आहेत. कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठाकडे ती परवानगी होती, तरीही २०११ साली तपास यंत्रणांनी छापा घातल्यावर ते बंद पडले आणि शेकडो भारतीय विद्यार्थ्यांचा व्हिसा धोक्यात आला. म्हणून मान्यता अमेरिकी शिक्षण खात्याच्या माहितीसाठ्यात वेगळी तपासावी. ऑस्ट्रेलियातील संस्थांना आपल्या एजंटांची यादी संकेतस्थळावर प्रसिद्ध करावी लागते. तेथे तुमच्या सल्लागाराचे नाव सापडले तर त्याचे हितसंबंध कोठे आहेत हे आपोआप कळते. इतर देशांसाठी त्याला थेट विचारावे की कोणकोणत्या संस्थांशी तुमचा करार आहे, आणि उत्तर लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनाची मला पुढे काडीचीही मदत झाली नाही. मी प्रवेश रद्द केला तेव्हा व्हिसा नाकारला गेला तरच डिपॉझिट परत मिळेल, या अटीवर कॉलेजने बोट ठेवले, आणि सल्लागार संस्थेने तर वर्क परमिटविषयी आम्ही काही बोललोच नव्हतो, असे उत्तर दिले.

ज्यांचे अर्ज आज एखाद्या संस्थेच्या हाती आहेत, त्यांनी प्रत्येक पोर्टलचा पासवर्ड आणि अर्ज क्रमांक मागून घ्यावा, शुल्क भरल्याची पावती विद्यापीठाच्या किंवा पोर्टलच्या नावाने आहे का ते पाहावे आणि खाते स्वतः उघडून तपासावे. ते देण्यास नकार मिळाला, तर स्वतःच्या ई-मेलवरून प्रवेश कार्यालयाला अर्ज पोहोचला का, असे विचारावे. हे मुदत संपण्याच्या पुरेसे आधी केले, तर अर्ज नव्याने स्वतः भरायला वेळ उरतो.