किल्लारीच्या मुलांचे पालकत्व : भारतीय जैन संघटनेच्या कामाविषयी अभिप्राय

एखाद्या सेवाभावी संस्थेच्या मदतकार्याबद्दल मत बनवताना तिने आपत्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यात किती ट्रक पाठवले यापेक्षा पाचव्या वर्षी ती आपद्ग्रस्तांसाठी काय करत होती, हे मी आधी पाहतो. या कसोटीवर पुण्याच्या भारतीय जैन संघटनेचे किल्लारी भूकंपानंतरचे काम मला महाराष्ट्रातील उत्तम पुनर्वसनकार्यांपैकी एक वाटते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत जमीन हादरली, तेव्हा गणेश विसर्जन आटोपून गावे गाढ झोपेत होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेलेली माळवदे, ही तिथल्या घरांची रीत उन्हाळ्यात गारवा देणारी होती. त्या पहाटे तीच काळ ठरली आणि जवळपास १० हजार माणसे दगावली. देशभरातून धान्य, कपडे, औषधे आली. पुढे सरकारने गावेच्या गावे नव्या जागी वसवली. पण ज्यांच्या डोक्यावरचे छत्र हरपले आणि ज्यांची शाळाही ढिगाऱ्याखाली गेली, त्या मुलांना घराइतकीच एका दीर्घकाळ टिकणाऱ्या पालकाची गरज होती.

ती जबाबदारी संघटनेने उचलली. बांधकाम व्यवसाय सोडून समाजकार्यात उतरलेले तिचे संस्थापक शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने दोन्ही जिल्ह्यांतील १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणण्यात आले आणि पुढे नगर रस्त्यावरील वाघोली येथे त्यांच्यासाठी शैक्षणिक पुनर्वसन प्रकल्प उभा राहिला. एवढ्या मुलांचे जेवण, कपडे, आजारपण, परीक्षा, सुट्ट्या आणि रात्री दचकून उठणाऱ्या मुलाजवळ बसणे, हे सारे वर्षानुवर्षे निभवायचे म्हणजे काय, हे वसतिगृह चालवणाऱ्यालाच कळेल. वर्तमानपत्रांतून भूकंपाच्या बातम्या ओसरल्यानंतरच या कामाचा खरा खर्च आणि खरे कष्ट सुरू झाले, आणि म्हणूनच मला त्याचे मोल अधिक वाटते.

एक आक्षेप मात्र नोंदवला पाहिजे. आधीच घर गमावलेल्या मुलाला ३०० किलोमीटरांहून दूर, वेगळ्या बोलीच्या आणि वेगळ्या राहणीच्या शहरात नेल्याने त्याचे शिवार, त्याचे उरलेसुरले आजी-आजोबा आणि त्याचा शेतीशी असलेला संबंध तुटण्याचा धोका असतो. समाजवादी कार्यकर्ते पन्नालाल सुराणा यांनी उस्मानाबाद जिल्ह्यातच नळदुर्गजवळ सुरू केलेले ‘आपलं घर’ मुलांना त्यांच्याच मुलखात ठेवून वाढवणारे होते, आणि लहान मुलांसाठी मला तो मार्ग अधिक पटतो. मोठ्या मुलांच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा विचार करता पुण्यात मिळालेली संधी गावाजवळ मिळणे त्या काळी अवघड होते, हेही तितकेच खरे. या दोन्ही प्रयत्नांकडे स्पर्धा म्हणून पाहू नये.

किल्लारीचा अनुभव संघटनेने वाया जाऊ दिला नाही. २६ जानेवारी २००१ च्या गुजरात भूकंपानंतर तिने तिथे ३६८ शाळा अल्पावधीत उभारून दिल्या. आपत्तीत शाळा लवकर सुरू होणे हे अन्नछत्राइतकेच तातडीचे आहे, ही जाण त्यामागे दिसते. वाघोलीच्या प्रकल्पात पुढे मेळघाटातील आदिवासी मुले आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलेही शिकू लागली.

ज्यांना आपत्तीनंतर देणगी द्यायची आहे, त्यांनी आपल्या रकमेचा काही भाग अशा दीर्घ मुदतीच्या कामासाठी राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सुचवेन. संघटनेकडेही माझी एक विनंती आहे. १९९३ साली पुण्याला आलेली ती मुले आता चाळिशी ओलांडलेली आहेत. दूर नेल्याने काय मिळाले आणि काय हरवले, हे त्यांच्याच शब्दांत सविस्तर नोंदवून घ्यावे, म्हणजे पुढच्या आपत्तीत मुलांचा निर्णय घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला त्याचा उपयोग होईल.