बाल्समिक: दिसायला ओबडधोबड, म्हणूनच कामाचं

लालबागच्या मसाला बाजारातल्या एका दुकानाचं बिलिंगच्या सॉफ्टवेअरचं काम आमच्याकडे आलं. दुकानदार काकांबरोबर तीन बैठका झाल्या. काहीही विचारा, उत्तर एकच: "हो हो, तसंच." हे ‘तसंच’ किती महागात पडतं ते मी भोगलंय. आधीच्या एका कामात साठ पानी रिक्वायरमेंटवर, म्हणजे काय काय हवं त्याच्या यादीवर, गिऱ्हाइकाने न वाचता सही ठोकली आणि सगळं तयार झाल्यावर म्हणाला, "असं नव्हतं हो सांगितलं." दीड महिना पाण्यात.

म्हणून या वेळी कोडला हात लावायच्या आधी बाल्समिकमध्ये, म्हणजे स्क्रीनची कच्ची चित्रं काढायच्या टूलमध्ये, सात स्क्रीन काढल्या. हे टूल २००८ पासून आहे. हाताने काढल्यासारख्या वाकड्या रेघा, करडे चौकोन, बटण दाबलं की पुढची स्क्रीन. बस्स. लिंकांसकट पीडीएफ निघते, ती टॅबवर घेऊन थेट डंखापाशी, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रापाशी गेले. एप्रिलची दुपार, मिरचीचा खकाणा, शिंका देत देत डेमो.

डंखावरच्या मावशी वाकून बघत म्हणाल्या, "वजन एकदाच? देठं काढून, भाजून मिरची हलकी होते ना गं. कुटायचे पैसे कुठल्या वजनावर?" काका म्हणाले, विकलेल्या. मावशी म्हणाल्या, "मी तर भाजलेल्यावर घेते!" दोघांची पाऊण तास जुंपली. मी नुसती लिहून घेत होते. शेवटी मावशींचं खरं ठरलं. तिथेच पोत्यावर बसून दुसऱ्या वजनाचा रकाना घातला, वीस मिनिटांत. आमचा डेव्हलपर म्हणाला, हे नंतर कळलं असतं तर दर, पावती, रोजचा हिशोब सगळं उसवायला आठ दिवस गेले असते.

रंगासकट, खऱ्यासारख्या स्क्रीन काढायचं टूल म्हणजे फिग्मा. ते वाईट नाही, ऑफिसात आम्ही तेच वापरतो. पण पहिल्या भेटीला नेऊ नका. मी एकदा नेलं, तर अर्धा तास निळा की हिरवा यावर गेला आणि वर, "झालंय की सगळं, सोमवारपासून चालू करा." बाल्समिकचं चित्र कच्चंच दिसतं, त्यामुळे त्यावर काट मारायला कोणी बिचकत नाही.

खोट मोठी आहे: रकान्यात आकडा टाइप होत नाही, बेरीज तर लांबच. मावशी बोट दाबून दाबून थकल्या. "बंद पडलं वाटतं." हिशोबाचे नियम शेवटी एक्सेलमध्येच तपासले. पैसेही डॉलरमध्ये मोजायचे, त्यामुळे एकट्याने काम करणाऱ्याने आधी कागद-पेन्सिल वापरून बघावी.

आणि चित्रात माल खराच भरा. ‘आयटम १’ लिहिलं होतं तेव्हा काका मान डोलवत होते. ‘बेडगी, १८० रुपये’ लिहिल्यावर चष्मा वर करून म्हणाले, "कुठल्या जमान्यातला भाव हा? आणि भाव रोज बदलायचा कुठून?"


ती स्क्रीन मी काढलीच नव्हती.