फोल्डर हँग होत होता म्हणून 'सपोर्ट'ला फोन केला आणि फसले

हे लिहायला मला तीन आठवडे लागले. आधी लाज वाटत होती, मग नुसता संताप होत होता, पण काल मावशीचा फोन आला की तिच्या लॅपटॉपवर एक फोल्डर उघडला की सगळं अडकतंय आणि ती नेटवरून सपोर्टचा नंबर शोधतेय, तेव्हा ठरवलं की आता बसून सगळं लिहायचंच. लांबलंय, पण वाचा.

माझा लॅपटॉप विंडोज १० चा. बाकी सगळं व्यवस्थित चालायचं, मेल, ब्राउझर, ऑफिसचं काम, कशालाच अडचण नव्हती. फक्त दोन फोल्डर, एक डाउनलोड्स आणि दुसरा घरच्या व्हिडिओंचा, हे उघडले की वरच्या पट्टीत ती हिरवी रेघ हळूहळू सरकत जायची आणि शेवटाला जवळजवळ पोचून तिथंच थांबायची, मग खिडकी पांढरट पडायची, 'नॉट रिस्पॉन्डिंग' यायचं आणि खालचा टास्कबार पण गोठायचा. त्या दुसऱ्या फोल्डरमध्ये मुलाच्या लहानपणापासूनचे व्हिडिओ होते आणि त्याची दुसरी कॉपी माझ्याकडे नव्हती. त्यामुळे डोकं ठिकाणावर नव्हतं हे मी आज मान्य करते, हार्ड डिस्क गेली आणि आता सगळं जाणार एवढंच मनात होतं.

नेटवर शोधलं तर सगळ्यात वर एक हेल्पलाइन दिसली. ती जाहिरात होती, तसं बारीक अक्षरात लिहिलेलं पण होतं, मी बघितलंच नाही. पान अगदी कंपनीचंच वाटावं असं, तेच रंग, तसंच चिन्ह, आणि मोठ्ठा फोन नंबर. फोन लगेच उचलला. माणूस इतका शांत आणि नम्र बोलत होता की काय सांगू, "मॅडम, तुम्ही अजिबात घाबरू नका, तुमची एक पण फाइल जाणार नाही, ही माझी जबाबदारी." मला त्या क्षणी नेमकं हेच ऐकायचं होतं. मग त्यानं स्क्रीन शेअर करायचं एक सॉफ्टवेअर टाकायला लावलं आणि त्यावर आलेला नंबर मी त्याला वाचून दाखवला. असली सॉफ्टवेअर खरीच असतात, ऑफिसचे आयटीवाले पण वापरतात, म्हणून अँटीव्हायरस पण काही बोलला नाही.

आता यापुढचं नीट वाचा, कारण त्यानं मला जे जे दाखवलं ते सगळं खरंच माझ्या कॉम्प्युटरवर होतं, फक्त त्याचा अर्थ त्यानं खोटा सांगितला.

पहिल्यांदा त्यानं इव्हेंट व्ह्यूअर उघडला. लाल आणि पिवळ्या खुणांच्या शेकडो ओळी. म्हणाला, मॅडम ही प्रत्येक लाल खूण म्हणजे एकेक हल्ला. अहो, ती विंडोजची रोजनिशी असते, एखादी सर्व्हिस उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, अशा बारीकसारीक गोष्टी पण तिथं एरर म्हणून नोंदवल्या जातात आणि ठणठणीत कॉम्प्युटरवर सुद्धा अशा ओळी असतात. मग काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट, जिथं हुकूम टाइप करतात) उघडून 'ट्री' कमांड दिली, जी फक्त फोल्डरांची यादी दाखवते, फोल्डरांची नावं भराभर वर सरकायला लागली, तो म्हणाला स्कॅनिंग चालू आहे, आणि सगळं थांबल्यावर शेवटच्या ओळीत इंग्रजीत आलं, व्हायरस सापडला. ती ओळ एकदम आली नव्हती, एकेक अक्षर उमटत आली होती. म्हणजे पलीकडून तो टाइप करत होता! माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि मला कळलं नाही.

त्यानंतर 'नेटस्टॅट', म्हणजे कॉम्प्युटर नेटवर कुठं कुठं जोडलाय त्याची यादी दाखवणारी कमांड. त्यात 'फॉरेन अ‍ॅड्रेस' असा एक रकाना असतो, तो दाखवून म्हणाला की परदेशातले हॅकर आत्ता या घडीला तुमच्या कॉम्प्युटरला जोडलेले आहेत. फॉरेन म्हणजे फक्त पलीकडचं टोक, तुम्ही एखादी वेबसाइट उघडली तरी तिचा पत्ता तिथं येतो. आणि शेवटचा घाव म्हणजे त्यानं 'असोक' कमांड देऊन एक लांबलचक नंबर दाखवला, ८८८ डीसीए ६० नं सुरू होणारा, आणि म्हणाला हा तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन्स आयडी, मी वाचतो, तुम्ही तुमच्या स्क्रीनवरचा बघा, जुळतो ना? तंतोतंत जुळला, आणि हा कंपनीचाच माणूस आहे याबद्दल माझी खात्रीच पटली. नंतर कळलं की तो नंबर विंडोजच्या आतल्या एका साध्या सोयीचा आहे आणि जगातल्या सगळ्या विंडोज कॉम्प्युटरवर तोच असतो. तुमच्याकडे पण तोच निघेल, बघा हवं तर.

मग तीन वर्षांच्या 'सिक्युरिटी प्लॅन'चे पैसे. कार्डाचा नंबर मीच टाकला, ओटीपी पण मीच सांगितला. त्यानं टेम्पररी फाइली उडवल्या आणि लॅपटॉप रीस्टार्ट केला, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच फोल्डर, तीच हिरवी रेघ.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुणाचा तरी फोन आला. म्हणे काम झालं नाही म्हणून पैसे परत करतोय, जरा बँकेत लॉगिन करा. केलं. स्क्रीन थोडा वेळ काळी झाली आणि परत आली तेव्हा खात्यात भरलेल्या पैशांच्या दसपट रक्कम दिसत होती, आणि तो माणूस रडकुंडीला येऊन म्हणायला लागला की मॅडम चुकून एक शून्य जास्त पडलं, माझी नोकरी जाईल, वरचे पैसे गिफ्ट कार्ड घेऊन परत करा. मला खरंच त्याची दया आली होती. पण फोनवर बँकेचा मेसेज आलेला नव्हता म्हणून मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये बघितलं तर शिल्लक होती तेवढीच होती. ब्राउझरमधल्या पानावरचे आकडे त्यानं नुसते वरवर बदलले होते, हे कुठल्याही ब्राउझरमध्ये करता येतं आणि खात्याला त्यानं काही होत नाही, फक्त तुमच्या डोळ्यांना दिसतं. मी सरळ राउटरचं बटण बंद केलं.

आणि मूळ दुखणं काय निघालं माहितीये? ऑफिसमधल्या एका सहकाऱ्यानं माझ्याशेजारी बसून शोधून दिलं. त्यानं आधी काळ्या खिडकीत त्या फोल्डरमध्ये जाऊन 'डीआयआर' दिलं, फाइलींची यादी चटकन आली. म्हणाला, म्हणजे डिस्क बहुधा वाचता येतेय, अडकतोय तो एक्सप्लोरर (फोल्डर उघडून दाखवणारा विंडोजचा प्रोग्राम), चित्रं दाखवताना. मग तिथूनच अर्ध्या फाइली दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवल्या आणि दोन्ही उघडून बघितले, जो अडकला त्याच्या परत अर्ध्या, असं करत करत एका फाइलीवर आलो. अर्धवट डाउनलोड झालेला एक व्हिडिओ, त्याचीच कॉपी दोन्हीकडे पडलेली. एक्सप्लोरर प्रत्येक व्हिडिओचं छोटं चित्र आणि लांबी दाखवायला ती फाइल आतून वाचतो, आणि ही तुटकी फाइल वाचताना तो तिथंच घुटमळत बसायचा. फाइलीच्या नावाचं एक्स्टेन्शन (शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं) बदललं आणि फोल्डर क्षणात उघडला. मुलाचे सगळे व्हिडिओ जागेवर होते. मी तिथंच रडले.

प्रत्येकाच्या बाबतीत हेच कारण असेल असं नाही. फोल्डर ऑप्शन्समध्ये 'ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स' (थंबनेल्स म्हणजे तीच छोटी चित्रं) वर टिक करून बघा, प्रीव्ह्यू पेन (बाजूला फाइलीची झलक दाखवणारा भाग) आल्ट आणि पी दाबून बंद करून बघा, त्यानं सुटलं तर दोष चित्रं दाखवण्यात आहे. फोल्डर उघडल्यावर नाही पण राइट क्लिकवर अडकत असेल तर बहुतेक वेळा एखाद्या सॉफ्टवेअरनं त्या मेनूमध्ये घुसवलेली भर असते. बंद पडलेला नेटवर्क ड्राइव्ह (नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्रातली डिस्क) जोडलेला राहिला तरी असंच होऊ शकतं. आणि त्याच इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, जो दाखवून मला घाबरवलं, 'डिस्क' नावानं ७ नंबरची 'बॅड ब्लॉक' ही नोंद दिसली तर मात्र बाकी सगळं सोडून आधी डेटा दुसरीकडे कॉपी करा. माझ्याकडे ती नव्हती. माझ्याकडे होती १००२ नंबरची, आणि तिचा अर्थ इतकाच की एक्सप्लोरर उत्तर देत नाहीये, जे मला आधीच माहीत होतं!

मायक्रोसॉफ्टनं स्वतः सांगितलंय की त्यांच्या एरर मेसेजमध्ये कधीच फोन नंबर नसतो आणि ते आपणहून कुणाला फोन करत नाहीत. कुणाला आधीच स्क्रीन दिली असेल तर पहिल्यांदा नेट तोडा, पासवर्ड त्या कॉम्प्युटरवरून नाही तर दुसऱ्या यंत्रावरून बदला, मेलचा सगळ्यात आधी, आणि बँकेला कार्डाच्या मागं छापलेल्या नंबरवरच फोन करा. ते स्क्रीनचं सॉफ्टवेअर नुसतं बंद करून चालत नाही, काढूनच टाकावं लागतं, काही वेळा ते कॉम्प्युटर चालू झाला की आपलं आपण चालू व्हायचं लावून ठेवलेलं असतं. मी तर महत्त्वाचं बाजूला काढून विंडोजच नव्यानं टाकलं.

पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार दिली आहे, बँकेत पण वाद नोंदवलाय, कार्ड नवीन आलं. पैशांचं अजून काही झालेलं नाही. मावशीला काल फोनवरच थंबनेल्स बंद करायला सांगितले, तिचा फोल्डर उघडला.